दोन झाडं, एक दोरी

एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दर चौरस मीटर जागेवर एक लिटर, अर्थात एक किलो पाणी पडलं. जंगलात ताडपत्री बांधणाऱ्याने हा हिशेब कायम डोक्यात ठेवावा. दहा फूट बाय दहा फुटांची ताडपत्री आडवी पसरली तर ती साधारण ९ चौरस मीटर जागा व्यापते. घाटमाथ्यावर तासाला ५० मिलिमीटरची सर ही नवलाची गोष्ट नाही. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो. अशा सरीत त्या ताडपत्रीवर तासाभरात जवळपास ४५० लिटर पाणी येऊन पडतं, म्हणजे चार-पाच माणसांच्या वजनाहून जास्त.

इतकं पाणी पेलणारं कापड कुणी विकत नाही आणि ते लागतही नाही. पडलेलं पाणी न थांबता कडेला गेलं की झालं. ताडपत्री पाऊस अडवते असं आपण म्हणतो. नीट बघितलं तर ती पावसाला दुसरी वाट दाखवते. वाऱ्याचं तेच, आणि दोरीत साठणाऱ्या ताणाचंही तेच. यांतल्या एकाला जरी वाट ठेवायची राहिली, तरी तो स्वतःची वाट करून घेतो. पाणी अंथरुणातून जातं, वारा कापड फाडून जातो, ताण खुंटी उपटतो. ताडपत्री बांधायची म्हणजे या तिघांच्या वाटा आधी ठरवायच्या. सह्याद्रीच्या जंगलात त्या कशा ठरवायच्या, ते या प्रकरणात पाहू.

आधी वर बघा

झोपायचं जमिनीवर असतं, म्हणून जागा शोधताना नजर जमिनीवरच फिरते. पहिली नजर मात्र वर टाकावी. वाळलेली फांदी, अर्धवट तुटून दुसऱ्या फांदीत अडकलेला डहाळा, आतून पोकळ झालेलं खोड यांच्याखाली मुक्काम करायचा नाही. अशी फांदी पडायला वादळच लागतं असं नाही. पावसाने भिजून जड झाली की ती वारा नसतानाही सुटते.

दोरी बांधायचं झाड जिवंत हवं, आणि त्याचं लाकूड भरवशाचं हवं. शेवगा, पांगारा, सावर यांचं लाकूड मऊ आणि ठिसूळ असतं. शिवाय पांगारा आणि सावर यांच्या अंगावर काटे असतात. ऐन, जांभूळ, हिरडा, अंजनी ही झाडं विश्वासाची. ऐनाची साल जाड, खोल भेगांची आणि चौकटी पडलेली असते, त्यामुळे दोरी घसरत नाही. खोड निदान मांडीएवढं जाड असावं. त्याला खांदा लावून जोरात रेटा द्यावा. शेंडा हलला तर ते झाड सोडून द्यावं, कारण रात्री वाऱ्याने ते डोललं की तुमची दोरी दर झोक्याला सैल-घट्ट होत राहील.

झाडावर आधीपासून कोण राहतं, हेही बघून घ्यावं. महाबळेश्वर-कोयनेकडच्या जंगलात फांद्यांवर काळपट, गोल, थरांची घरटी दिसतात. ती पॅगोडा मुंग्यांची. तांबूस सुतार पक्षी याच घरट्यांत पोखरून अंडी घालतो. आपण मात्र त्या झाडाला हात लावू नये. उंच झाडावर किंवा जवळच्या कड्यावर आग्या मोहोळ लोंबत असेल तर जागाच बदलावी. धूर, उग्र वास आणि आरडाओरडा यांनी या माश्या उठतात, आणि उठल्या की दूरवर पाठलाग करतात.

काही झाडं नियमाने आणि रीतीने वर्ज्य आहेत. कळसूबाई-हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, कोयना ही अभयारण्यं आहेत. तिथे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे आणि मुक्कामासाठी वनखात्याची परवानगी लागते. राखीव जंगलातही आधी विचारूनच जावं. देवराईत तर दोरी काढूच नये. गावाने पिढ्यान्‌पिढ्या जिथली काटकीही उचलली नाही, तिथे खोडाला फास आवळणं गावाला आवडणार नाही.

यानंतर जमीन. पालापाचोळा एका ओळीत वाहून साचला असेल, बारीक खडे धुऊन वर आले असतील, तर ती पाण्याची वाट आहे. आत्ता कोरडी असली तरी ती मोकळी सोडावी. ओढ्याच्या पात्रात आणि काठाच्या सखल पट्टीत झोपू नये. वरच्या अंगाला पडलेला पाऊस खाली ढग नसतानाही येऊन पोहोचतो. किंचित उंचवटा आणि हलका उतार सर्वांत चांगला. भोवती चर खणायची जुनी पद्धत आता टाळतात, कारण पुढच्या पावसात त्याच चरातून माती वाहायला लागते. जागा नीट निवडली तर चराची गरजच पडत नाही.

विजेबद्दल मात्र भाबडेपणा नको. ताडपत्री विजेपासून काडीचंही संरक्षण देत नाही. माथ्यावरचं एकटं उंच झाड ही तर सर्वांत धोक्याची जागा. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे असं समजावं, आणि जवळ पक्कं घर किंवा बंद गाडी असेल तर तिकडे निघावं.

सरळ दोरीचा भ्रम

कौलारू घराच्या छपराला आढं असतं, तसं ताडपत्रीचं आढं म्हणजे दोन झाडांमध्ये ताणलेली दोरी. दहा फुटांच्या ताडपत्रीला पंधरा ते वीस फुटांवरची दोन झाडं पुरतात. दोरी छातीच्या उंचीवर बांधावी. त्यासाठी झाडावर चढावं लागत नाही.

नवखा माणूस दोरी अगदी सरळ करायला बघतो आणि तिथेच ताणाचं गणित त्याच्या विरुद्ध जातं. समजा, दोरीच्या मध्यावर १० किलोचं ओझं आहे. दोरी दोन्ही बाजूंनी ३० अंशांनी झुकलेली असेल तर प्रत्येक बाजूला १० किलोचाच ताण येतो. झुकाव १० अंशांवर आणला तर ताण सुमारे २९ किलो होतो, ५ अंशांवर सुमारे ५७ आणि २ अंशांवर जवळजवळ १४३. झुकाव शून्य करायचा तर ताण अनंत लागेल. म्हणजे ओझं पेलणारी पूर्ण सरळ दोरी अस्तित्वातच नसते. कमी झुकावाच्या दोरीवर चिंब कापडाचं थोडंसं जास्त वजन आलं, तरी दोन्ही टोकांच्या गाठींवर त्याच्या कितीतरी पट ओढ बसते. म्हणून दोरी घट्ट असावी, पण तारेसारखी झणझणती नसावी. तिच्यावर ओले कपडे वाळत घालण्याचा मोह तर अजिबात नको.

नुसती लोंबती दोरी कोणता आकार घेते, हा प्रश्न एके काळी मोठ्या गणितज्ञांना पडला होता. याकोब बर्नुली यांनी १६९० मध्ये तो जाहीरपणे विचारला आणि पुढच्याच वर्षी लायब्निट्स, हायगेन्स आणि योहान बर्नुली या तिघांनी त्याचं उत्तर दिलं. तो आकार अन्वस्ताच्या, म्हणजे पॅराबोलाच्या, जवळचा असला तरी निराळा निघाला. आज चांगल्या ताडपत्रींच्या कडा याच वक्राला धरून किंचित आत कापलेल्या असतात. सरळ कडेचं कापड दोन टोकांना ओढलं की मधली कड सैल राहते आणि वाऱ्यात फडफडते. आत वळवलेली कड ओढली की ताण कडेभर सारखा वाटला जातो.

दोरीचं दुसरं टोक झाडावर येतं, आणि झाडालाही इजा होऊ शकते. पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे नेणारा जिवंत थर सालीला लागूनच असतो. बारीक दोरी वाऱ्याने रात्रभर मागेपुढे सरकली तर ती करवतीचं काम करते. खोडाभोवती इंचभर रुंदीचा चपटा पट्टा घ्यावा किंवा दोरीखाली जुनं कापड गुंडाळावं. खिळा कधीच नको.

गाठी

गाठीचं बळ घर्षणातून येतं. बैलाचा कासरा खांबाला दोन-तीन वेढे देऊन हातात धरला, तर ओढाळ बैलालाही एक पोरगं आवरू शकतं. अठराव्या शतकात लेओनहार्ड ऑयलर यांनी या घर्षणाचं गणित मांडलं. घर्षणांक ०.३ धरला तर एका पूर्ण वेढ्यानंतर मोकळ्या टोकावरची ओढ सुमारे साडेसहा पटींनी कमी होते, दोन वेढ्यांनंतर ४३ पटींनी आणि तीन वेढ्यांनंतर पावणेतीनशे पटींहून जास्त. म्हणून खोडाला आधी दोन-तीन वेढे द्यावेत. मग गाठीला फार काम उरत नाही आणि सकाळी ती दातांनी सोडवावी लागत नाही.

पहिलं टोक कायम ठेवायचं असतं. तिथे बोलाईन मारावी. तिचा फास आवळत नाही आणि ओझं उतरल्यावर ती सहज सुटते. दुसरं टोक ताणायचं असतं. त्याची युक्ती महामार्गावर रोज दिसते. मालट्रकवर ताडपत्री आवळताना क्लीनर दोरीच्या मध्यावर एक फास काढतो, मोकळं टोक खालच्या हुकातून घेऊन त्या फासातून वर ओवतो आणि खाली खेचतो. कागदावर इथे एका किलोच्या ओढीला तीन किलोचा ताण मिळायला हवा. दोरी दोरीवर घासत असल्याने प्रत्यक्षात त्यातला बराच भाग खर्च होतो, तरी हाताने नुसतं ओढण्यापेक्षा हे कितीतरी बरं. झाडाला बांधताना हुकाची जागा खोड घेतं. शेवटी निरगाठ न मारता सुरगाठ मारावी, म्हणजे एका हिसक्यात सुटते.

ताडपत्री या आढ्याच्या दोरीला जोडायची ती प्रुसिकने. कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने १९३१ मध्ये ही गाठ प्रसिद्ध केली. बारीक दोरीचा फास जाड दोरीभोवती तीनदा गुंडाळायचा. ओढ नसताना तो हाताने सरकतो, ओढ आली की जागच्या जागी धरतो. दोन्ही बाजूंना एकेक प्रुसिक घातला की ताडपत्री डावी-उजवी सरकवता येते आणि ताण दोरीवर राहतो, कापडाच्या रिंगांवर येत नाही. फासाची दोरी आढ्याच्या दोरीपेक्षा बारीक हवी. सारख्या जाडीची असली तर पकड कमी होते. चारी कोपऱ्यांच्या दोऱ्यांना खुंटीजवळ टॉटलाइन हिच ही सरकणारी गाठ मारली, की रात्री अंथरुणातून हात काढून ताण वाढवता येतो.

ताडपत्रीची रिंग उपटली गेली असेल तर त्या कोपऱ्यात गुळगुळीत गोटा ठेवावा, कापड त्याच्याभोवती चुरमडून घ्यावं आणि गोट्याच्या मागे दोरी आवळावी. रिंगेपेक्षा हे जास्त टिकतं, कारण ओढ एका भोकावर न येता कापडाच्या मोठ्या भागावर पसरते.

पाखं आणि पागोळ्या

सर्वांत उपयोगी रचना म्हणजे दुपाखी. मध्ये आढं आणि दोन्ही बाजूंना सारखा उतार. दहा फुटांच्या ताडपत्रीला दीड मीटरचं एकेक पाखं मिळतं. आढं दीड मीटरवर आणि खालच्या कडा साठ सेंटीमीटरवर ठेवल्या तर उतार सुमारे ३७ अंशांचा होतो आणि आत २.४ मीटर रुंदी मिळते. दोन माणसं आणि त्यांच्या पाठपिशव्या तिच्यात आरामात मावतात. वादळाची लक्षणं दिसली तर आढं मीटरभर उंचीवर आणून कडा जमिनीला टेकवाव्यात. रुंदी थोडीच कमी होते, उतार ४० अंशांच्या वर जातो आणि वाऱ्यापुढे उभं राहणारं अंग कमी होतं.

एकपाखी रचनेत एक कड उंच आणि समोरची जमिनीजवळ. दिवसा स्वयंपाकाला, बसायला, पावसाकडे बघत चहा प्यायला ही छान. रात्रीसाठी मात्र तिचं तोंड वारा येतो त्याच्या विरुद्ध दिशेलाच हवं. तिसरी रचना चौकोनी ताडपत्री कर्णरेषेवर बांधायची: दोन समोरासमोरचे कोपरे आढ्यावर, उरलेले दोन जमिनीकडे. एकट्या माणसाला आणि झुल्यात झोपणाऱ्याला ती पुरते.

कोणतीही रचना असो, मधे खळगा राहू द्यायचा नाही. तळहाताएवढ्या खळग्यात थेंब साचतो, त्या वजनाने खळगा खोल होतो, आणखी पाणी येतं, आणि बघता बघता कापडाला पोट सुटतं. पाण्याला सुटायला एक पक्की जागा द्यावी. दुपाखीचा एक कोपरा इतरांपेक्षा वीतभर खाली ओढला की सगळ्या पागोळ्या तिथे गोळा होतात. खाली पातेलं ठेवलं तर भांडी धुण्याचं पाणीही मिळतं.

एक वाट मात्र बरेच जण विसरतात. पावसात झाडाच्या माथ्यावर पडलेल्या पाण्याचा काही भाग फांद्यांवरून खोडाला येतो आणि खोडावरून खाली वाहतो. गुळगुळीत सालीच्या झाडावर ही धार जास्त असते. तुमची दोरी त्याच खोडाला बांधलेली आहे. ते पाणी दोरीवर येतं, दोरीवरून छपराखाली शिरतं आणि मध्यावर, नेमकं झोपलेल्याच्या कपाळावर, ठिबकतं. उपाय सोपा आहे. छपराच्या कडेबाहेर, दोरीवर चिंधीचा किंवा सुतळीचा वीतभर तुकडा लोंबता बांधावा. पाणी त्या तुकड्यावरून खाली उतरतं आणि पुढे येत नाही. कोपऱ्यांच्या दोऱ्या बाहेरच्या बाजूला उतरत्या असतात, म्हणून त्यांना याची गरज नसते.

वारा खालून येतो

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ३६ किलोमीटरचा वारा समोरच्या प्रत्येक चौरस मीटरवर साधारण ६ किलोचा दाब देतो. वेग दुप्पट, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर झाला की दाब चौपट, २४ किलो. उभ्या ताणलेल्या ९ चौरस मीटरच्या कापडावर तो २०० किलोच्या वर जातो. जंगलाच्या आत वारा बराच मंदावतो, म्हणून मोकळ्या पठारापेक्षा आतली झाडी बरी. पण कड्याच्या तोंडावर आणि खिंडीत तो उलट जोर धरतो.

छप्पर बहुतेक वेळा वरच्या दाबाने मोडत नाही. ते उचललं जातं. वरून वाहणारा वारा छपराच्या पाठीवर ओढ निर्माण करतो आणि उघड्या बाजूने आत शिरलेला वारा खालून ढकलतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा घरांचे पत्रे याच रीतीने उडाले. म्हणून वाऱ्याकडची कड जमिनीलगत घ्यावी आणि उघडी तोंडं वाऱ्याला आडवी ठेवावीत.

सह्याद्रीत पावसाळ्यात वारा मुख्यतः पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो, तेव्हा पाठ तिकडे करावी. वळवाच्या आणि परतीच्या पावसात मात्र हा नियम चालत नाही. गडगडाटी ढगातून खाली कोसळणारी थंड हवा जमिनीवर आपटून चहूकडे पसरते, आणि पहिला झोत कुठूनही येतो. त्या दिवसांत दोन्ही पाखं खाली घेणंच शहाणपणाचं. निरभ्र रात्री डोंगरउतारावरची थंड हवा दरीकडे सरकते, म्हणून घळीच्या तोंडाशी झोपणाऱ्याला पहाटे जास्त गारठा लागतो.

ही सगळी ओढ शेवटी खुंटीकडे येते. खुंटी ताडपत्रीपासून दूर झुकलेली ठोकावी, दोरी तिला साधारण काटकोनात यावी. दोरी लांब घेतली की ओढ आडवी होते आणि खुंटी वर उपटली जात नाही. कोकणात जांभ्याच्या सड्यावर किंवा घाटावर कातळात खुंटी शिरतच नाही. तिथे दोरी हातभर लांबीच्या वाळक्या काठीला मध्यावर बांधावी, काठी आडवी ठेवून तिच्यावर ताडपत्रीच्या बाजूला मोठे दगड रचावेत. दगडालाच दोरी बांधली तर ती दगडाच्या धारेवर घासून तुटते.

रात्री कापड सैल का पडतं

संध्याकाळी नगाऱ्यासारखी ताणलेली ताडपत्री मध्यरात्री लोंबायला लागते, तेव्हा गाठीला दोष देण्याआधी कापड कशाचं आहे ते बघावं. नायलॉन पाणी शोषतं आणि ओलं झालं की लांबतं. सिलिकॉनचा लेप दिलेलं नायलॉन हलकं असतं, चौरस मीटरला पन्नास ग्रॅमच्या आसपास, पण पावसात त्याला एक-दोनदा पुन्हा ताणावंच लागतं. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ शोषत नाही, म्हणून जिथलं तिथे राहतं. बाजारात मिळणारी, दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकचा थर असलेली विणीची ताडपत्रीही लांबत नाही. ती जड असते, पण स्वस्त आणि दणकट. खळ्यावर, उसाच्या फडावरच्या कोप्यांवर आणि पावसाळ्यात गळक्या कौलांवर तीच दिसते.

नैसर्गिक धाग्याची दोरी याच्या उलट वागते. काथ्याची किंवा सुती दोरी भिजली की तिचे तंतू फुगतात आणि ती आखडते. ती आधीच कडक ताणली असेल तर पावसात खुंटी उपटली जाते. म्हणून नायलॉनची दोरी झोपण्याआधी आवळावी आणि सुती दोरी थोडी सैल सोडावी.

विस्तवाचं तर सांगायलाच नको. नायलॉन वितळतं, ठिणगीने भोक पडतं. ताडपत्रीखाली चूल पेटवली तर धूर कोंडतो, आणि जवळपास मोहोळ असेल तर धुराचं पुढे काय होतं ते वर आलंच आहे.

उतरवताना

सकाळी आधी कोपरे सोडावेत, मग प्रुसिक, आणि आढ्याची दोरी सर्वांत शेवटी. वारा असेल तर वाऱ्याकडचे कोपरे शेवटपर्यंत धरून ठेवावेत, नाहीतर सुटलेलं कापड काटेरी झुडपात जातं. काठीवर रचलेले दगड पुन्हा जागेवर ठेवावेत. त्यांच्याखालची विंचवांची आणि पालींची घरं मोडलेली असतात. खोडावरचा पट्टा काढल्यावर सालीवर हात फिरवावा. चरा उमटला असेल तर पुढच्या वेळी पट्टा रुंद घ्यावा, हे लक्षात ठेवावं.

ओली ताडपत्री घडी करून पिशवीत कोंबणं प्रवासापुरतं चालतं, घरी पोहोचल्यावर मात्र नाही. पॉलियुरेथेनचा लेप ओलाव्यात राहिला की हळूहळू विघटित होतो, चिकट होतो आणि सुटायला लागतो. मग तेच कापड पुढच्या मोसमात पाण्याला थेट आतली वाट दाखवतं. घरी आल्या दिवशीच ती गॅलरीत पसरावी, दोन्ही बाजू पूर्ण वाळवाव्यात आणि घडी मोडून सैल गुंडाळून ठेवावी.

पहिली बांधणी मात्र जंगलात करू नये. घरामागच्या आवारात, शेताच्या बांधावर किंवा सोसायटीच्या दोन झाडांमध्ये भर दुपारी ताडपत्री बांधावी आणि वरून बादलीभर पाणी ओतावं. पाणी कुठे थांबतं आणि कुठून आत येतं ते दिसेल, आणि कोणता कोपरा किती खाली ओढायचा ते ठरेल. अंधारात, भिजल्या हातांनी तेच शोधत बसण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.